ओएलईडी घ्यावा, मिनी एलईडी घ्यावा, की थांबावं?

पत्र : आमच्याकडे २०१७ साली घेतलेला ४३ इंची फुल एचडी एलईडी टीव्ही आहे. चालू आहे, तक्रार एकच. रात्रीचे, अंधारातले प्रसंग काळे न दिसता राखाडी दिसतात. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, रोज पाच-सहा तास एकच बातम्यांची वाहिनी लावून बसतात. संध्याकाळी मालिका, सुट्टीच्या दिवशी क्रिकेट, रात्री कधीतरी सिनेमा. मुलगा अकरावीत आहे, त्याचा प्लेस्टेशन ५ आहे. हॉलला पश्चिमेकडे मोठी खिडकी आणि सोफा टीव्हीपासून नऊ फुटांवर. पावसाळ्यात वीज सारखी जाते-येते, म्हणून झोपताना भिंतीवरचं बटण बंद करायची सवय आहे. बजेट एक लाख दहा हजार. दुकानदार म्हणतो ओएलईडीच घ्या, त्याच्यासारखं चित्र नाही. भाचा म्हणतो आता काहीच घेऊ नका, आरजीबी मिनी एलईडी येतोय. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

ताई, दुकानदार खोटं बोलत नाही. अंधाऱ्या खोलीत, दिवे मालवून सिनेमा बघायचा असेल तर ओएलईडीच्या चित्राला आजही तोड नाही. पण तुमच्या हॉलसाठी तो घेऊ नका. तुम्ही पत्रात लिहिलेल्या तीन गोष्टी, अण्णांच्या बातम्या, पश्चिमेची खिडकी आणि झोपताना बंद होणारं बटण, या तिन्ही ओएलईडीच्या विरोधात जातात. बदलायचाच असेल तर चांगला मिनी एलईडी घ्या, आणि भिंतीवर जागा असेल तर ५५ ऐवजी ६५ इंची. भाच्याचं ऐकून थांबू नका. मात्र पैसे बाहेर काढण्याआधी एक संध्याकाळ जुन्या टीव्हीला द्या, कारण तुमची जी तक्रार आहे तिचा निम्मा भाग सेटिंगमुळेही असू शकतो.

जुन्या टीव्हीपासूनच सुरुवात करू. सेट-टॉप बॉक्सची मागची बाजू बघा. कितीतरी घरांत एचडी बॉक्स अजून लाल-पांढऱ्या-पिवळ्या एव्ही केबलने जोडलेला असतो आणि त्या केबलमधून एचडी चित्र जातच नाही. एचडीएमआय केबल लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट १०८०आय करा. मग टीव्हीचा पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर आणा. आता ‘ब्राइटनेस’ आणि ‘बॅकलाइट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात घ्या. उजेड कमी-जास्त होतो तो बॅकलाइटने. ब्राइटनेस वाढवला की काळा रंगच वर उचलला जातो आणि सगळं चित्र धुरकट होतं. बऱ्याच घरांत कोणीतरी कधीतरी चित्र अंधुक वाटलं म्हणून ब्राइटनेस ७०-८० वर नेऊन ठेवलेला असतो. तो कंपनीच्या मूळ आकड्यावर, बऱ्याच टीव्हींत ५० वर, आणा आणि उजेड हवा तेवढा बॅकलाइटने घ्या. शार्पनेस अगदी खाली, शून्य ते दहाच्या दरम्यान. प्लेस्टेशनमध्ये आरजीबी रेंज ‘ऑटोमॅटिक’ ठेवा. प्लेस्टेशन एका रेंजमध्ये आणि टीव्ही दुसऱ्या रेंजमध्ये असेल तरी काळं राखाडी दिसतं.

एवढं करून रात्री दिवे बंद करा आणि एखादा अंधारातला प्रसंग बघा. समोरून काळा भाग अजूनही उजळ राखाडी, पण बाजूच्या खुर्चीवरून रंग मात्र जसेच्या तसे दिसत असतील, तर तुमचं पॅनेल, म्हणजे चित्र उमटवणारी काच, आयपीएस जातीचं आहे. त्याचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१ असतो, म्हणजे सर्वांत उजळ ठिपका सर्वांत काळ्याच्या हजारपटच. व्हीए जातीच्या पॅनेलमध्ये हे गुणोत्तर ३००० ते ५०००:१ पर्यंत जातं, पण बाजूने बघितलं की रंग फिके पडतात. आयपीएसचं राखाडी कोणत्याही सेटिंगने जात नाही. टीव्हीच्या मागे भिंतीवर उजेड पडेल अशी ६५०० केल्विनची एलईडी पट्टी लावली तर डोळ्याला काळं जास्त काळं भासतं. काहीशे रुपयांचं काम आहे. तेवढ्यावर समाधान झालं तर टीव्ही बदलू नका, अगदी मनापासून सांगतो. अ‍ॅप मंद झाली एवढीच अडचण असेल तरी टीव्ही बदलायचं कारण नाही. एचडीएमआयमध्ये लावायची स्ट्रीमिंग स्टिक चार-पाच हजारांत मिळते.

समाधान झालं नाही, तर मग नवीन तंत्रज्ञान नेमकं कुठे फरक पाडतं ते बघू.

तुमच्या टीव्हीत मागे पांढरे एलईडी दिवे सतत जळत असतात आणि पुढची द्रवस्फटिकांची काच प्रत्येक ठिपक्यापुरता तो उजेड अडवते किंवा सोडते. अडवणं कधीच शंभर टक्के होत नाही, थोडा उजेड झिरपतो, तेच तुमचं राखाडी. क्यूएलईडी लिहिलेला टीव्हीही याच घराण्यातला. त्यात क्वांटम डॉटचा एक थर जास्त असतो, त्याने रंग गडद आणि शुद्ध होतात, पण झिरपणारा उजेड तसाच राहतो. म्हणून साधा क्यूएलईडी घेऊन तुमची तक्रार दूर होणार नाही. ओएलईडीमध्ये मागचा दिवाच नाही, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि काळं दाखवायचं असेल तर विझतो. मिनी एलईडी मधला मार्ग काढतो. मागे अगदी बारीक असे हजारो दिवे, आणि त्यांचे शेकडो गट, ज्यांना झोन म्हणतात. चित्राचा जो भाग काळा असेल त्या भागातले गट मंद होतात किंवा विझतात.

आता अण्णांकडे येऊ, कारण या घरात निर्णय त्यांच्या बातम्यांवर ठरतो.

ओएलईडीच्या ठिपक्यातला सेंद्रिय पदार्थ जितका वेळ आणि जितक्या जोरात पेटतो तितका झिजत जातो. सगळी स्क्रीन सारखी झिजली तर डोळ्याला कळत नाही. पण बातम्यांच्या वाहिनीवर वरच्या कोपऱ्यात लोगो, खाली लाल पट्टी, तिच्याखाली सरकत्या बातम्यांची दुसरी पट्टी, हे दिवसभर एकाच जागी असतं. देवळाच्या दगडी पायरीला जिथे पाय पडतो तिथेच खळगा पडतो, तसे त्या पट्टीखालचे ठिपके आजूबाजूच्या ठिपक्यांच्या आधी म्हातारे होतात. लाल रंगाला हे जास्त लागू होतं. एलजीच्या जातीच्या पॅनेलमध्ये पांढरा उजेड लाल गाळणीतून काढला जातो, त्यात बराच उजेड वाया जातो, म्हणून लाल ठिपक्याला जास्त जोर लावावा लागतो. रोज सहा तास म्हणजे वर्षाला सुमारे २,१९० तास, तेही एकाच वाहिनीचे. असं दोन-तीन वर्षं चाललं की क्रिकेटचं हिरवं मैदान किंवा एकरंगी पिवळी पाटी स्क्रीनवर आली की खाली आडवा डाग दिसण्याची भीती खरी आहे. ही झीज बहुतेक वॉरंटीत धरली जात नाही.

कंपन्यांनी यावर उपाय केलेले आहेत. चित्र ठिपका-दोन ठिपके हळूच सरकवणं, लोगोचा भाग आपोआप मंद करणं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वापर एकूण चार तासांहून जास्त झाला की टीव्ही रिमोटने बंद केल्यावर आतल्या आत काही मिनिटं चालणारी ठिपक्यांची दुरुस्ती. त्यात प्रत्येक ठिपक्याचा विद्युतप्रवाह मोजून फरक भरून काढला जातो. पण या दुरुस्तीला टीव्ही स्टँडबायवर हवा, म्हणजे भिंतीवरचं बटण चालू हवं. तुम्ही झोपताना बटण बंद करता. रिमोटने बंद केला, लगेच बटण बंद केलं, की दुरुस्ती अर्धवट राहते किंवा सुरूच होत नाही. चिपळुणातल्या पावसात वीज कडाडत असताना बटण चालू ठेवा, असा सल्ला मी देणार नाही. तुमची सवय योग्य आहे, तिच्यासाठी टीव्ही वेगळा निवडायला हवा. मिनी एलईडीला अशी कोणतीही दुरुस्ती लागत नाही, बटण खुशाल बंद करा.

खिडकीचं गणितही तसंच. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. ओएलईडी छोट्या भागापुरता झगझगीत होतो, पण सगळी स्क्रीन उजळ झाली की विजेचा आणि उष्णतेचा भार मर्यादेत ठेवण्यासाठी स्वतःला मंद करतो. तुमच्या बजेटातले ओएलईडी पूर्ण पांढऱ्या स्क्रीनला दीडशे-दोनशे निट्सच्या आसपास उतरतात. दिवसाचा क्रिकेट सामना म्हणजे जवळजवळ सगळी स्क्रीन उजळच. चांगला मिनी एलईडी तिथे पाचशेच्या वर टिकतो. संध्याकाळी चार ते साडेसहा तुमच्या हॉलमध्ये जे तिरकं ऊन येतं त्यात हा फरक कोणालाही न सांगता कळेल. दुकानात सॅमसंगचा क्यूडी-ओएलईडी, म्हणजे क्वांटम डॉट वापरणाऱ्या ओएलईडी पॅनेलचा टीव्ही दाखवला तर आणखी एक गोष्ट बघा. खोलीत उजेड असला की त्याचा काळा रंग जांभळट-राखाडी दिसतो, कारण बाहेरचा उजेड शोषणारा पोलरायझर त्या पॅनेलवर नसतो. तरीही कोणताही टीव्ही घेतलात तरी खिडकीला जाड पडदा लावाच. त्याने होणारा फायदा टीव्हीच्या एका पायरीइतका असतो.

अण्णांनी आपल्या खोलीत जुना ४३ इंची लावून घेतला तर? बातम्यांच्या चित्रासाठी तो टीव्ही उलट जास्त बरा, ते पुढे सांगतो. पण ते हॉलमध्ये बसतात ते माणसांत बसायला मिळतं म्हणूनही असेल, तेव्हा टीव्हीच्या सोयीसाठी त्यांना आत पाठवू नका. त्यांना स्वतःलाच हवं असेल तर मात्र उत्तम.

आता भाच्याचं म्हणणं. आरजीबी मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे पांढरे किंवा निळे नसून लाल, हिरवे, निळे असे वेगवेगळे असतात. जानेवारी २०२५ मध्ये लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात हायसेन्सने ११६ इंची टीव्ही मांडला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सॅमसंगने ११५ इंची आणला. तंत्र चांगलं आहे, रंगांचा पल्ला वाढतो. पण पुढे काच तीच, झोन तेच. आणि रंगांचा जो जास्तीचा पल्ला मिळतो तो वापरणारं चित्र अजून फारसं नाही. सिनेमे आणि वेब मालिका मुख्यतः पी३ नावाच्या रंगपल्ल्यात तयार होतात, आणि क्वांटम डॉट असलेला आजचा बरा मिनी एलईडी त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग दाखवतो. अण्णांच्या वाहिनीला तर तेवढाही लागत नाही. नव्या तंत्राच्या पहिल्या पिढीचे पैसे जास्त मोजावे लागतात, हे वेगळंच. मायक्रो एलईडीचं नाव कोणी काढलं तर सॅमसंगने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतात आणलेल्या ११० इंचीची किंमत एक कोटीच्या वर होती, एवढं सांगा. थ्रीडी टीव्हीचा गाजावाजा २०१० च्या सुमारास असाच होता. २०१७ पर्यंत एलजी आणि सोनी यांनीही ते बंद केलं.

थांबायचं तर किमतीसाठी थांबा, तंत्रासाठी नको. नवीन मॉडेलं आली की आधीच्या वर्षीचं मॉडेल उतरतं आणि दसरा-दिवाळीत ते संपवायला काढतात. चित्राच्या दृष्टीने गेल्या वर्षीचं वरच्या श्रेणीचं मॉडेल यंदाच्या खालच्या श्रेणीच्या मॉडेलपेक्षा जवळजवळ नेहमी सरस असतं. एक सावधगिरी बाळगा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ किंमत तीच असेल तर बिल पावणेआठ टक्क्यांनी कमी व्हायला हवं. त्याआधीच्या किमतीशी तुलना करून ‘सूट’ दाखवत असतील तर तेवढा भाग सुटीतून वजा करा.

आकाराबद्दल. नऊ फुटांवरून ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपके) आणि फुल एचडी यांतला फरक सामान्य दृष्टीला दिसत नाही. निरोगी डोळा एक कोनीय मिनिटापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. त्या हिशेबाने ४३ इंची फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडे एकमेकांत मिसळतात, ५५ इंचीचे सात फुटांपलीकडे, ६५ इंचीचे साडेआठ फुटांपलीकडे. आज ५५ इंच आणि त्यावरचे जवळजवळ सगळे टीव्ही ४केच मिळतात, तेव्हा निवडीचा प्रश्न नाही, पण ४के आहे म्हणून चित्र बदलेल या आशेने पैसे घालू नका. बदलेल ते काळ्या रंगामुळे, उजेडामुळे आणि आकारामुळे. नऊ फुटांवरून तुमचा ४३ इंची नजरेचा साधारण २० अंशांचा भाग व्यापतो, ५५ इंची २५ अंश, ६५ इंची २९ अंश. चित्रपट-तंत्रज्ञांच्या एसएमपीटीई या संस्थेचा निकष ३० अंशांचा आहे. म्हणून ६५.

पण मोठ्या स्क्रीनची एक किंमत आहे आणि ती अण्णांना मोजावी लागेल. मराठी बातम्यांच्या वाहिन्या बहुतेक एसडीमध्ये येतात, म्हणजे ७२० × ५७६, सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. ४के स्क्रीनवर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. म्हणजे वीस ठिपक्यांतले एकोणीस टीव्हीने स्वतः अंदाजाने भरलेले. ६५ इंचांवर ते मऊ, कडांना चौकोनी तुकडे पडल्यासारखं दिसणारच, कितीही महाग टीव्ही घेतला तरी. ज्या इनपुटला सेट-टॉप बॉक्स आहे त्यापुरता शार्पनेस खाली ठेवा, नॉइज रिडक्शन (चित्रातली खरखर पुसणारं सेटिंग) मध्यम ठेवा, आणि प्लेस्टेशनच्या इनपुटला मात्र नॉइज रिडक्शन पूर्ण बंद. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत, मालिकांसाठी त्या पॅकमध्ये घ्या. महिन्याला थोडे रुपये जास्त जातात, पण चित्रातला फरक नवीन टीव्हीइतकाच मोठा असतो. नेटफ्लिक्स घेत असाल तर ४के फक्त वरच्या प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतं आणि त्याला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे १५ एमबीपीएसचा वेग लागतो.

दुकानात काय विचारायचं ते नीट सांगतो, कारण खोक्यावर मिनी एलईडी लिहिलेलं असलं तरी आतला माल वेगवेगळा असतो. पहिला प्रश्न, झोन किती? या आकारात शंभरच्या आत झोन असतील तर राखाडीची तक्रार थोडीफारच कमी होईल. दोनशे ते पाचशेमध्ये फरक स्पष्ट दिसतो, त्यापुढे आणखी छान. विक्रेत्याला सांगता येत नसेल तर कंपनीच्या साइटवर पूर्ण मॉडेल क्रमांक टाकून बघा, नाहीतर पुढची चाचणी करा. दुसरा प्रश्न, पॅनेल मुळातच १२० किंवा १४४ हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र बदलणारं, आहे का? मुलाच्या प्लेस्टेशनसाठी हे महत्त्वाचं. काही कंपन्या ६० हर्ट्झच्या पॅनेलवर उभी रेषासंख्या निम्मी करून १२० दाखवतात आणि ‘डीएलजी’ किंवा ‘गेम अ‍ॅक्सिलरेटर’ असं काहीतरी लिहितात. ‘मोशन रेट २४०’ किंवा ‘एमईएमसी’ हे आकडे तर पॅनेलचे नसतातच. सिनेमालाही फायदा होतो. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. ६० मध्ये २४ समान बसत नाही, एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा सरकताना चित्र हिसके देतं. १२० मध्ये प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा बसते.

तिसरा प्रश्न, पूर्ण क्षमतेचे एचडीएमआय २.१ पोर्ट किती? अनेक टीव्हींमध्ये चारांपैकी दोनच असतात आणि त्यातलाच एक ईएआरसीचा, म्हणजे साउंडबारला आवाज पाठवणारा असतो. साउंडबार लावला की उरतो एक, तो प्लेस्टेशनला. घरी आल्यावर त्या पोर्टचं सेटिंग ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘२.१’ करावं लागतं, बऱ्याचदा ते मुळात बंद असतं आणि मग ‘१२० का येत नाही’ म्हणून केबलला दोष दिला जातो. प्लेस्टेशनच्या खोक्यात आलेली केबल चांगली आहे, तीच वापरा.

जाताना पेन ड्राइव्ह न्या. घरच्या कॉम्प्युटरवर ३८४० × २१६० ची चार चित्रं बनवा. पूर्ण काळ्यावर मधोमध पांढऱ्या अक्षरांची एक ओळ, पूर्ण फिकट राखाडी, पूर्ण गडद राखाडी, आणि काळ्यावर चार कोपऱ्यांत चार छोटे पांढरे चौकोन. विक्रेत्याला टीव्ही आधी ‘स्टोअर’ मोडमधून ‘होम’ मोडमध्ये आणायला सांगा, मग ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड, आणि लोकल डिमिंग, म्हणजे झोन मंद करण्याचं सेटिंग, ‘हाय’. पांढऱ्या अक्षरांच्या चित्राजवळ उभं राहा आणि अक्षरांभोवती बघा. झोन कमी असले की अक्षरांच्या भोवती हातभर रुंदीचं धुरकट तेज पसरलेलं दिसतं, चंद्राभोवती खळं पडावं तसं. चांगल्या टीव्हीत ते तेज अक्षरांच्या अगदी लगत, दोन-तीन बोटांत संपतं. आता बाजूला तीन पावलं सरका. तेज वाढलं आणि रंग फिके झाले तर ते व्हीए पॅनेल, तुमच्या घरी बाजूच्या दिवाणावर कोण बसतं ते आठवा. राखाडी चित्रांवर उभे पट्टे किंवा कोपऱ्यांत काळसर डाग आहेत का ते बघा. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावतो तेव्हा हेच पट्टे हिरवळीवर पळताना दिसतात.

एकाच मॉडेलच्या ५५ आणि ६५ इंचीत पॅनेलची जात वेगळी असू शकते, तेव्हा जो आकार घ्यायचा तोच चालू करून बघा.

आता कोकणातल्या घराच्या दोन गोष्टी. तुमची भिंत चिऱ्याची असेल तर टांगायच्या आधी विचार करा. जांभा दगड सच्छिद्र आणि मऊ असतो, कंपनीचा माणूस सोबतचे छोटे प्लग ठोकून जातो आणि वीस-पंचवीस किलो वजन काही महिन्यांत त्यांना ढिलं करतं. लांब अँकर किंवा केमिकल अँकर लावून घ्या, किंवा जाड प्लाय भिंतीला सहा-आठ ठिकाणी पक्की करून तिच्यावर ब्रॅकेट लावा. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर तिथे टांगूच नका, टेबलावर ठेवा आणि मागे चार बोटं जागा सोडा. टेबलावर ठेवायचा तर पायांमधलं अंतर आधी मोजा. ६५ इंचीची रुंदी सुमारे १४५ सेंटिमीटर असते आणि पाय बऱ्याचदा दोन टोकांना असतात, जुन्या ४३ इंचीचं टेबल पुरत नाही. टांगताना उंची अशी ठेवा की सोफ्यावर बसल्यावर डोळे स्क्रीनच्या मध्याजवळ येतील, म्हणजे जमिनीपासून मध्य साधारण ४२ इंचांवर आणि खालची कड २५-२६ इंचांवर. देव्हाऱ्याच्या उंचीला टीव्ही लावला की मान दुखते आणि व्हीए पॅनेल खालून फिकं दिसतं.

विजेसाठी स्टॅबिलायझरची गरज सहसा नसते. टीव्हीच्या मागे १००-२४० व्होल्ट लिहिलेलं आहे का तेवढं बघा. गरज आहे ती चांगल्या सर्ज प्रोटेक्टरची आणि त्याआधी घराच्या अर्थिंगची, कारण अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टरचा बहुतेक उपयोग वाया जातो. वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. छत्रीची केबल आणि ब्रॉडबँडची तांब्याची वायरही बॉक्समधून काढा. वादळात टीव्हीचा बोर्ड जळतो तो अनेकदा एचडीएमआयच्या वाटेने, बॉक्सकडून आलेल्या झटक्याने. इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर ६५ इंची मिनी एलईडी उजळ चित्राला दोनशे वॉटच्या पुढे जाऊ शकतो, तेवढा भार धरा.

स्क्रीन पुसताना काच पुसायचा फवारा थेट मारू नका. द्रव ओघळून खालच्या कडेत जातो, तिथेच पॅनेलच्या नाजूक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि मग उभ्या रेषा येतात. त्याची दुरुस्ती म्हणजे बहुधा नवीन पॅनेल, जे नव्या टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातं. कोरडं मायक्रोफायबर कापड पुरतं.

जुना टीव्ही विकू नका, इतक्या जुन्या टीव्हीचा एक्सचेंजचा आकडा फार लहान असतो आणि एसडी चित्र ४३ इंचांवरच चांगलं दिसतं. कधी आवाज येतो आणि चित्र नाही असं झालं तर अंधारात टॉर्च स्क्रीनला टेकवून बघा. पुसटसं चित्र हलताना दिसलं तर फक्त मागचे दिवे गेलेले आहेत, काही हजारांत काम होतं. एकच दिवा नाही, सगळ्या पट्ट्यांचा संच बदलून घ्या, कारण उरलेले तेवढेच जुने असतात. आणि बॅकलाइट १०० वर न ठेवता ६०-७० वर ठेवलात तर ही वेळ लांबते.

खरेदी करण्याआधी कंपनीच्या सेवा केंद्राला फोन करून तुमचा पिन कोड सांगा आणि तंत्रज्ञ घरी येतो का, की टीव्ही रत्नागिरीला न्यावा लागतो, ते विचारा. पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची आणि वाढीव वॉरंटी कंपनीची आहे की दुकानाची, हेही. टीव्ही घरी आल्यावर खोकं उघडण्यापासून व्हिडिओ काढा, पहिल्या दिवशीच पेन ड्राइव्हवरची चारही चित्रं पुन्हा लावून बघा, आणि परत देण्याची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल माळ्यावर टाकू नका. बिलावर शेवटच्या अक्षरापर्यंत मॉडेल क्रमांक आणि टीव्हीचा सिरीयल क्रमांक लिहून घ्या. चाचणी केलेलाच टीव्ही घरी आला आहे हे त्या दोन क्रमांकांवरूनच सिद्ध होतं.